जुना घरगुती संगणक आणि आंबोलीची हवा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सावंतवाडी तालुक्यातील आंबोली हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर वसलेले असून तेथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर या काळात धुके केवळ दरीत न राहता खिडक्यांतून थेट घरात शिरते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू केल्यानंतरच्या वर्षांत राज्यातील खेड्यापाड्यांत घरगुती संगणक मोठ्या संख्येने आले, आणि त्यांच्याबरोबरच ते जलद कसे करावेत व पावसाळ्यात कसे जपावेत याविषयीच्या सल्ल्यांचीही भर पडत गेली. या सल्ल्यांपैकी वेग वाढवण्याचे बहुतेक उपाय यंत्राच्या नको त्या भागाला हात घालतात, तर ओलाव्यापासून संरक्षणाचे बहुतेक उपाय ओलाव्याचे शास्त्र उलटे समजून केलेले असतात. त्यामुळे नीट चालू शकणारी यंत्रे अकाली अडगळीत जातात, आणि हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

सर्वांत रूढ समज असा की, संगणक सुरू झाल्यावर पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘रिफ्रेश’ निवडले किंवा एफ-5 ही कळ चार-सहा वेळा दाबली म्हणजे स्मृती मोकळी होऊन यंत्र हलके होते. वस्तुतः या आज्ञेने पडद्यावरील चिन्हांची यादी पुन्हा वाचून ती नव्याने रेखाटली जाते, एवढेच घडते. रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती स्मृती, तिने रिकामी होत नाही आणि प्रोसेसरवरचा भारही कमी होत नाही. ‘प्रीफेच’ नावाच्या फोल्डरमधील फायली पुसून टाकण्याचा सल्ला तर अपायकारकच आहे, कारण नेहमी वापरले जाणारे प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोज त्या फायलींत नोंदी ठेवते आणि त्या पुसल्या की पुढच्या वेळी तेच प्रोग्रॅम अधिक सावकाश उघडतात. विंडोज एक्सपी इंटरनेटच्या वेगातील 20 टक्के भाग स्वतःसाठी दडवून ठेवते, ही वदंताही अनेक वर्षे टिकून होती. प्रत्यक्षात ती मर्यादा विशिष्ट प्रोग्रॅमने अग्रक्रम मागितला तरच लागू होते आणि एरवी सगळी क्षमता सर्वांना खुली असते.

‘एमएसकॉन्फिग’ या साधनातील एका चौकटीविषयीचा गैरसमज अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. त्यातील ‘बूट’ या विभागात प्रगत पर्याय उघडल्यावर प्रोसेसरची संख्या निवडण्याची सोय दिसते, आणि तेथे खूण नसल्याने संगणक एकाच गाभ्यावर चालत असणार असे मानून अनेक जण खूण करून 2 किंवा 4 हा आकडा निवडतात. खूण नसणे याचा अर्थ उपलब्ध असलेले सर्व गाभे वापरले जात आहेत असा होतो, आणि ही चौकट चाचणीसाठी गाभ्यांची संख्या मर्यादित ठेवता यावी म्हणूनच दिलेली आहे. चार गाभ्यांच्या यंत्रात तेथे चुकून 2 हा आकडा राहिला, तर मालकाने स्वतःच्या हाताने अर्धा प्रोसेसर बंद करून ठेवलेला असतो. याच साधनात, किंवा विंडोज 8 पासून टास्क मॅनेजरमध्ये, संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची जी यादी असते, ती छाटल्याने मात्र खरा फरक पडतो. प्रिंटरचे सूचक, मोबाइल जोडण्याचे प्रोग्रॅम आणि कधीकाळी सहज म्हणून घेतलेली साधने तेथून बंद केली, तरी ती संगणकातून नाहीशी होत नाहीत आणि हवी तेव्हा उघडता येतात.

एवढे करूनही यंत्र रेंगाळत असेल, तर कारण बहुधा हार्ड डिस्कमध्ये असते. ही डिस्क म्हणजे फिरणारी चकती असून तिच्यावर सरकणारी एक भुजा माहिती वाचते. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या चकतीला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे हवा असलेला भाग भुजेखाली येईपर्यंत सरासरी निम्मा फेरा जातो आणि भुजा योग्य जागी नेण्यास साधारण नऊ मिलिसेकंद आणखी लागतात. याचा हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरून अशी डिस्क सेकंदाला जेमतेम पाऊणशे वेळाच वाचू शकते, तर फिरता भाग नसलेली एसएसडी हेच काम हजारो वेळा करते. सुरू होताना विंडोज असंख्य छोट्या फायली वाचते, म्हणून प्रोसेसर तोच ठेवून केवळ डिस्क बदलली तरी जुना संगणक ओळखू येऊ नये इतका बदलतो. जुन्या मदरबोर्डवर एसएसडी चालत नाही किंवा चालली तरी फायदा होत नाही, हे म्हणणे बरोबर नाही. साटा जोडणी असलेल्या यंत्रात, ती जोडणी आधीच्या पिढीची असली तरी, वर सांगितलेला लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो, कारण तो वाट पाहण्याचा वेळ वाचल्यामुळे होत असतो. रुंद पट्टीची आयडीई केबल असलेल्या फारच जुन्या यंत्रांत मात्र ती थेट बसत नाही. एसएसडीचे ‘डीफ्रॅगमेंटेशन’, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे सलग करणे, अनावश्यक असते, आणि विंडोज 8 पासूनच्या आवृत्त्या डिस्कचा प्रकार ओळखून योग्य ती देखभाल स्वतःच करतात.

रॅम वाढवण्याविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवणे पुरेसे आहे: यंत्रात 32 बिटांचे विंडोज असेल, तर आठ जीबी रॅम बसवूनही घरगुती आवृत्तीला चार जीबीच्या आतच, बहुधा सव्वातीन ते साडेतीन जीबी इतकीच वापरता येते. म्हणून खर्च करण्यापूर्वी प्रोसेसर 64 बिटांचा आहे का आणि मदरबोर्ड किती रॅम स्वीकारतो हे पाहावे.

आंबोलीसारख्या गावात याहून महत्त्वाचा प्रश्न हवेतील ओलाव्याचा आहे. पावसाळ्यात संगणक बंद ठेवून प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळला की तो सुरक्षित राहतो, हा समज घरोघरी आढळतो, आणि तो जवळजवळ पूर्णपणे चुकीचा आहे. हवा जितकी उबदार तितकी ती अधिक बाष्प धरून ठेवू शकते, आणि सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण होय. खोलीचे तापमान 22 अंश आणि आर्द्रता 95 टक्के असेल, तर एखादा धातूचा भाग हवेपेक्षा जेमतेम एका अंशाने थंड झाला तरी त्यावर दव धरू लागते. उलट तीच हवा चालू संगणकाच्या पेटीत जाऊन 30 अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातील बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली येते, आणि साधारण 60 टक्क्यांच्या वर धातू गंजण्याचा वेग झपाट्याने वाढत असल्याने हा फरक निर्णायक ठरतो. तात्पर्य, पावसाळ्यात रोज तासभर चालवलेला संगणक हा चार महिने झाकून ठेवलेल्या संगणकापेक्षा कोरडा राहतो. घट्ट प्लास्टिक आत अडकलेला ओलावा बाहेर जाऊ देत नाही, म्हणून धुळीसाठी आवरण हवेच असेल तर ते सुती कापडाचे असावे आणि यंत्र पुरते निवल्यावर घालावे.

जागेची निवडही याच नियमाने करावी लागते. चिऱ्याची बाहेरची भिंत पावसात पाणी शोषून घेते आणि थंड राहते, त्यामुळे पेटी तिला टेकवून किंवा थेट जमिनीवर ठेवण्याऐवजी आतल्या भिंतीलगत वीतभर अंतर सोडून, पाटावर किंवा मेजावर ठेवणे हिताचे असते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याचा उपाय निरुपयोगी आहे, कारण पेटीला हवा खेळण्यासाठी छिद्रे असतात आणि पुड्यांची क्षमता बाहेरची हवा लवकरच संपवून टाकते. त्याच पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात पेन ड्राइव्ह किंवा वापरात नसलेली हार्ड डिस्क ठेवताना मात्र उत्तम काम देतात.

ओलाव्याचा पहिला फटका बहुधा रॅमच्या पट्टीला बसतो: यंत्र सुरू होते, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो आणि आतून ठरावीक अंतराने बीप असा आवाज येतो. अशा वेळी मदरबोर्ड जळाला असे मानून यंत्र भंगारात काढण्याची घाई होते. पट्टीच्या कडेला असलेल्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवरील सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. सोने स्वतः गंजत नसले तरी थरातील सूक्ष्म छिद्रांतून खालच्या निकेल व तांब्यापर्यंत ओलावा पोहोचतो आणि त्या धातूंच्या गंजाची पुटे वर येऊन विद्युतसंपर्कात अडथळा आणतात. खोडरबराने पट्ट्या घासण्याची दुरुस्तीवाल्यांची युक्ती म्हणूनच खरी आहे, मात्र ती अर्धवट समजून केली जाते. शाई खोडण्याचे खरखरीत रबर सोन्याचा थरच खरवडते, त्यामुळे मऊ पांढरे रबर हलक्या हाताने, पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने फिरवावे किंवा त्याहून चांगले म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने त्या पुसाव्यात. तत्पूर्वी वीजजोडणी काढून सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेला विद्युतभार निघून जातो, आणि पेटीच्या धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरील स्थिरविद्युतही उतरवावी. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपसूक मिटल्या नाहीत, तर ती नीट बसलेली नाही असे समजावे. तोंडाने फुंकर मारून धूळ उडवण्याची सवय सोडावी, कारण फुंकरीबरोबर लाळेचे सूक्ष्म थेंब त्याच संपर्कांवर जातात.

इंटरनेट बिघडले किंवा विषाणू शिरला, अशी तक्रार ज्या जुन्या यंत्रांबाबत होते, त्यांतील अनेकांचा दोष मदरबोर्डवरील नाण्याएवढ्या बॅटरीत असतो. सीआर 2032 या नावाची ही तीन व्होल्टची बॅटरी यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवते, आणि ती संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असल्याने, मागे गेलेल्या तारखेच्या संगणकाला ती अवैध वाटतात आणि तो संकेतस्थळ असुरक्षित असल्याचा इशारा देतो. याच बॅटरीअभावी बायोसमधील निवडीही मूळपदावर जातात, आणि त्यात डिस्कची कार्यपद्धती बदलली गेली तर सुस्थितीतले विंडोजही सुरू होण्यास नकार देते. विंडोज पुन्हा घालण्याआधी बॅटरी बदलून ती निवड पूर्ववत करणे इतकेच पुरते.

विजेच्या बाबतीत सर्वांत धोकादायक समज म्हणजे यूपीएस किंवा स्पाइक गार्ड असला की गडगडाटात संगणक चालू ठेवायला हरकत नाही, हा होय. यूपीएसचे काम खंडित पुरवठ्यात काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्याइतका वेळ देणे हे असून, जवळ कोसळलेल्या विजेचा लोंढा अडवण्याची ताकद अशा घरगुती साधनांत नसते. घाटमाथ्यावर वळवाचा आणि परतीचा पाऊस गडगडाटासह येतो, तेव्हा बटण बंद करून भागत नाही, तर प्लगच भिंतीतून उपसून काढावा लागतो, आणि तांब्याच्या तारेवरील दूरध्वनी किंवा ब्रॉडबँडची जोडणीही सोडवावी लागते.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे त्यावरील संगणक बंद पडतील अशी भीती पसरली. वास्तविक आधार संपणे याचा अर्थ सुरक्षाविषयक सुधारणा येणे थांबणे असा आहे, आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने ती मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवली. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने दहा वर्षांपूर्वीची यंत्रे तेथे बाद ठरतात, परंतु त्यांच्यासाठी लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली उपलब्ध असून तिला किमान दोन जीबी रॅम लागते व चार जीबीवर ती सुखाने चालते. लिनक्स बसवण्यासाठी आधी सगळे पुसावे लागते हा समजही टाकून द्यावा, कारण पेन ड्राइव्हवरून ती थेट चालवून प्रिंटर, आवाज आणि इंटरनेट नीट चालतात का हे डिस्कला हात न लावता पाहता येते.

प्रणाली बदलल्यावर मराठी लिहिता येणार नाही, ही शंकाही उरलेली नाही. भारतीय भाषांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक 1986 मध्ये प्रमाण ठरला आणि तो विंडोज व लिनक्स या दोहोंत अंगभूतच असतो. शिवाय विंडोज 10 मध्ये 2019 च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून उच्चारानुसार मराठी टंकण्याचा कळफलकही मिळतो. जुनी मराठी कागदपत्रे नव्या यंत्रावर रोमन अक्षरांच्या अर्थहीन ओळींसारखी दिसू लागली, तर मात्र फाइल खराब झाली असे समजून ती पुसू नये. युनिकोडपूर्व काळात श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत, म्हणून तो फाँट नसला की मागचे रोमन सांकेतांकच उघडे पडतात, परंतु मजकूर शाबूत असतो. मूळ फाँट पुन्हा बसवला की तो वाचता येतो, आणि परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये नेला की तो कोणत्याही संगणकावर उघडतो. जोडाक्षरे व रफार यांत परिवर्तकाकडून चुका राहत असल्याने मूळ प्रतीशी ताडून पाहेपर्यंत ती फाइल जपून ठेवावी.