परदेशी सून आणि कायद्याचा उंबरठा

गेल्या मार्गशीर्षातील एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी आपली आई व पत्नी यांना घेऊन अंबरपेठेतील आमच्या घरी आला. उच्च शिक्षणासाठी तो जर्मनीस गेला होता. तेथील एका मुलीशी त्याचे मन जुळले आणि उभयतांनी हैदराबादेत येऊन संसार थाटला. त्यांच्या लग्नात मी स्वतः अक्षता टाकल्या होत्या. सूनबाईंनी वाकून नमस्कार केला व ‘सर, बरे आहात ना?’ असे स्वच्छ मराठीत विचारले. मुलाच्या हाती मात्र कागदपत्रांची जाडजूड फाईल होती आणि त्याच्या आईचा चेहरा उतरलेला होता.

‘सर,’ त्या म्हणाल्या, ‘सून माप ओलांडून घरात आली. माझी दुखणी तिने काढली. आता तिने या घरात राहायचे की नाही, हे तिसऱ्याच कुणी का ठरवावे?’

प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नव्हते. सूनबाईंच्या कायम वास्तव्यासाठी केलेला अर्ज त्रुटी दाखवून परत आला होता. व्हिसाची मुदत फाल्गुनात संपणार होती. तिकडे जर्मनीत त्यांच्या वडिलांची शस्त्रक्रिया ठरली होती. जावे, तर परत येण्याच्या वाटेवर पुन्हा कागदांचा खोळंबा. न जावे, तर जन्मदात्याच्या आजारपणात पाठ फिरविल्यासारखे.

फाईल चाळता चाळता त्रुटीचे मूळ सापडले, आणि मला हसावे की रडावे हे कळेना. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नववधूचे नवे नाव लिहितात. हौसेने लिहिलेले तेच नाव, सासरच्या आडनावासह, विवाहनोंदणीच्या अर्जात उतरले होते. पारपत्रावर जन्मनाव, दाखल्यावर तांदळातले नाव! कागदांच्या दृष्टीने या दोन निराळ्या स्त्रिया ठरल्या. शिवाय वैदिक विधीने लग्न झाले म्हणजे सारे झाले, या समजुतीने नोंदणीसही विलंब झाला होता. हिंदू विवाह कायदा वधूवर दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. अन्यथा, धार्मिक विधीने झालेला विवाह १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवावा लागतो; त्यासाठी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवसांचे वास्तव्य असावे लागते आणि हरकतींसाठी आणखी तीस दिवसांची जाहीर सूचना लागते.

आपल्या पुष्कळ घरांतील मुले आज परदेशी आहेत. उद्या हाच प्रसंग कोणावरही येऊ शकेल. म्हणून कायद्याची रूपरेषा येथे थोडक्यात देतो.

भारतीय नागरिकाशी विवाह केल्याने परदेशी व्यक्तीस येथे आपोआप कायम राहता येते, हा समज चुकीचा आहे. तिच्यापुढे तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी व्हिसाची. भारतीयाच्या पतीस वा पत्नीस प्रवेश-व्हिसा मिळतो. तो ठरावीक मुदतीचा असतो व वाढवून घ्यावा लागतो. मुक्काम १८० दिवसांहून अधिक असल्यास आल्यापासून १४ दिवसांच्या आत विदेशी नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावयाची असते. २०१८ पासून ही कामे बहुतांशी संगणकावरून होतात.

दुसरी पायरी ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या पत्रिकेची. नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-अ नुसार, विवाह नोंदलेला असावा व अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकलेला असावा. सुरक्षाविषयक पडताळणीही होते. पाकिस्तान वा बांगला देश यांच्याशी नागरिकत्वाचा वा पूर्वजांचा संबंध असलेल्यांस ही सोय नाही. पत्रिका मिळाली की आजन्म ये-जा करता येते व नोंदणीचा जाच राहत नाही. परंतु नाव ‘सिटिझन’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि विवाह कायद्याने संपुष्टात आल्यास पत्रिकाही रद्द होऊ शकते.

तिसरी पायरी खऱ्या नागरिकत्वाची. कलम ५ नुसार भारतीयाशी विवाहित व्यक्तीने येथे सात वर्षे वास्तव्य केलेले असावे. त्यातही अर्जापूर्वीचे बारा महिने अखंड, आणि त्यामागील आठ वर्षांपैकी निदान सहा वर्षे, असा हिशेब आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात ही सवलत फक्त भारतीयांच्या पत्नींना होती. परदेशी जावयांस ती १९८६ च्या दुरुस्तीने लाभली. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे भारताचे व्हावयाचे तर जन्मदेशाचे पारपत्र परत करावे लागते.

गंमत अशी की, २०१६ साली सरकारने ‘स्थायी निवासी’ असा एक दर्जा निर्माण केला. पण तो अठरा महिन्यांत दहा कोटी, किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतविणाऱ्या परदेशीयांसाठी. भांडवल घेऊन येणाऱ्यास दहा वर्षांचा निवास. मंगळसूत्र घालून येणाऱ्या सुनेस मात्र दोन वर्षे थांबा. खोट्या विवाहांना आळा हवा, हे मला मान्य आहे. तथापि पैशाची पारख करावयास जेवढी तत्परता दिसते, तेवढी माणसाची पारख करताना दिसू नये, याची खंत वाटते.

हे लिहिताना मला माझी आजी आठवते. ती सोलापूरची, म्हणजे त्या काळच्या इंग्रजी मुलुखातली. लग्न होऊन ती निजामाच्या राज्यात आली, तेव्हा परक्या राज्यातच आली. १९१९ च्या मुलकी नियमांनुसार बाहेरच्या माणसास ‘मुलकी’ होण्यास पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य लागे, आणि मायदेशी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. पण त्याच नियमांत एक लहानसे वाक्य होते: मुलकी पुरुषाची पत्नी ती मुलकी. हे नियम मुख्यतः सरकारी नोकरीपुरते होते, आणि त्यांवरून पुढे १९७२ पर्यंत केवढे रण माजले, हे आपण हैदराबादकर जाणतोच. तरीही माझ्या अशिक्षित आजीला एकही कागद न दाखविता जे मिळाले, ते मिळविण्यासाठी आजच्या सुशिक्षित सुनेला फाईल भरावी लागते.

परकी म्हणून आलेली स्त्री आपली किती होऊ शकते, याचे उदाहरण मराठी माणसाने विसरू नये. १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी १९३२ साली लखनौ येथे विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाहबद्ध झाली आणि सावित्रीबाई खानोलकर बनली. मराठी, हिंदी, संस्कृत तिने आत्मसात केल्या. महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. स्वतंत्र भारताचे सर्वोच्च शौर्यपदक, परमवीरचक्र, त्याची आकृती याच सावित्रीबाईंनी सिद्ध केली. दधीची ऋषींच्या अस्थींपासून घडलेल्या वज्राची कल्पना तिला सुचावी, यातच सारे आले. १९९० साली सावित्रीबाई निवर्तल्या.

आता त्या फाईलकडे वळतो. पारपत्रानुसार दाखल्यातील नाव दुरुस्त करून घेतले. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली. सूनबाई वडिलांकडे जाऊन, शस्त्रक्रिया पार पडल्यावर चैत्रात परत आल्या. पत्रिकेसाठीचा नवा अर्ज दाखल झाला असून तो अद्याप विचाराधीन आहे. सर्व तरुणांना माझे सांगणे एवढेच की, नाव हौसेने तांदळात अवश्य लिहा, पण नोंदणीच्या कागदावर पारपत्रातलेच लिहा. आणि नोंदणी लग्नाच्या धामधुमीबरोबरच उरका.

एकदा मी सूनबाईंना विचारले, ‘सात वर्षे झाल्यावर नागरिकत्व घेणार ना?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सर, आई-बाबा आहेत तोवर ते पारपत्र मला परत करवणार नाही. तिकडे जायचे म्हणजे परदेशी म्हणून जायचे, ते मनाला पटत नाही.’

मी सासूबाईंकडे पाहिले. त्या रागावतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, ‘खरेच आहे तिचे. माझे माहेर परभणीला. सासरी पन्नास वर्षे काढली, म्हणून मी माहेरचे दार लावून घेतले का?’

कायद्याच्या पुस्तकात याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. आमच्या अंबरपेठेत मात्र ते उत्तर सर्वांनाच कळेल.