निघायच्या आधीच लिहिलेलं पोचल्याचं पत्र

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून टाकतोय. बोलतानाचे 'अं' आणि 'तर' शक्य तेवढे काढलेत.

आजचा प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धात परदेशी रवाना व्हायची वाट बघणारा अमेरिकन सैनिक आपल्या मैत्रिणीला पत्र लिहायचा, तेव्हा त्या पत्राचं पुढे काय व्हायचं?

न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीजवळ कॅम्प शँक्स नावाची छावणी होती. 1943 मध्ये ती सुरू झाली आणि सुमारे 13 लाख सैनिक तिथून बोटीकडे गेले. सैनिकांनी तिला नाव ठेवलं होतं 'लास्ट स्टॉप यूएसए'. इथे मुख्य काम एकच, थांबणं. मधल्या वेळात लशी, सामानाची तपासणी, आणि नशीब असेल तर न्यूयॉर्कला फिरायचा पास. मग एक दिवस अलर्ट यायचा, पास बंद व्हायचे, आणि पोरं समजून जायची की बोट लागली.

आता हा पोरगा पत्रात काय लिहिणार? त्याची मैत्रीण तासाभराच्या अंतरावर राहत असली तरी 'परवा निघतोय' हे तिला सांगायची सोय नव्हती. कुठे आहे, कुठली तुकडी, कुठलं जहाज, कधी निघणार, पुढे काय बेत आहे, यातलं काहीही लिहायला बंदी. सांकेतिक भाषा वापरायलाही बंदी, म्हणजे 'मावशीकडे चाललोय' असली आयडिया चालणार नाही. छापील नियमावलीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं, शिक्षेच्या धमकीसकट.

आणि हे तपासणार कोण? बहुतेक वेळा त्याच्याच तुकडीतला अधिकारी. पाकीट उघडं द्यायचं, तो वाचणार, आक्षेपार्ह शब्द ब्लेडने कापणार किंवा शाईने खोडणार, मग बंद करून सही करणार. म्हणजे सकाळी ज्याला सॅल्यूट ठोकला, त्याने रात्री तुमचं प्रेमपत्र वाचलेलं असायचं. फारच खासगी असेल तर निळं पाकीट मिळायचं. ते आपला अधिकारी उघडत नसे, दूरच्या मुख्य तळावरचा अनोळखी सेन्सॉर वाचायचा. वाचायचं मात्र कुणीतरी.

मला यातला खरा पेच वेगळाच वाटतो. सेन्सॉरला प्रेमाशी काही देणंघेणं नव्हतं. 'तुझ्याशिवाय करमत नाही' असं चार पानं लिहा, एक अक्षर कापलं जायचं नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर अडचण मजकुराची नव्हती, मेटाडेटाची होती. कुठे आणि कधी, एवढेच दोन रकाने शत्रूला हवे होते. आणि नेमके तेच दोन मैत्रिणीलाही हवे होते.

पत्त्यातही जागा लपवलेली. नाव, सैनिकी क्रमांक, तुकडी, एपीओ नंबर आणि खाली 'न्यूयॉर्क' किंवा 'सॅन फ्रान्सिस्को'. न्यूयॉर्क असेल तर साधारण युरोपची बाजू, सॅन फ्रान्सिस्को असेल तर पॅसिफिक. तिला हाती लागायचा तो एवढाच सुगावा. (आपल्याकडे सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांना '56 एपीओ' सांगायची गरज नाही. तत्त्व तेच.)

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा एपिसोड केला. आपल्याकडे कुणी प्रवासाला निघालं की दारातून आवाज येतोच, 'पोचलास की कळव.' अमेरिकन सैन्याने त्याची सोय कशी केली होती बघा. निघायच्या आधीच सैनिकाकडून एक कार्ड भरून घ्यायचे: सुखरूप पोचलो, हा माझा नवा पत्ता. ती कार्डं मागे ठेवली जायची आणि जहाज पोचल्याची खबर आल्यावरच टपालात पडायची. म्हणजे तिच्या हातात 'पोचलो' आलं, तेव्हा ते अक्षर त्याचंच होतं, पण लिहिताना त्याने समुद्र पाहिलेलाही नसेल. सक्सेस मेसेज आधी तयार, प्रोसेस नंतर. कोडमध्ये असं कुणी केलं तर मी रिव्ह्यूत अडवेन. इथे मात्र दुसरा काही मार्ग सुचत नाही.

पलीकडे गेल्यावर व्ही-मेल होतं. जून 1942 पासून सुरू. एका पानाच्या फॉर्मवर पत्र लिहायचं, त्याचा 16 मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो, फिल्म विमानाने, आणि दुसऱ्या टोकाला छोट्या आकारात प्रिंट. दीड लाख पत्रांना 37 पोती लागायची, ती एका पोत्यात मावली. साधारण 1,170 किलोचे 20 किलो. कॉम्प्रेशन म्हणतात ते हेच. पण मुलींनी ओठ टेकवून पाठवलेल्या पत्रांची लिपस्टिक मशीनमध्ये चिकटायची आणि ऑपरेटर वैतागायचे. शिवाय फोटोला ना वास, ना कागदाचा स्पर्श. खूप जणांनी साधी पत्रंच लिहिली. आणि ती उलटसुलट क्रमाने पोचायची, म्हणून जोडपी पत्रांवर नंबर टाकायची: 41, 42, 43. नेटवर्किंग शिकलेल्यांना सिक्वेन्स नंबर आठवला असेल.

हे सगळं 1945 च्या सुरुवातीला तुंबलं. तुकड्या सारख्या हलत होत्या आणि इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला अक्षरशः लाखो पत्रं-पार्सलं पडून होती. ती उपसायला आली 6888 वी पोस्टल बटालियन: 855 महिला, जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय, प्रमुख मेजर चॅरिटी ॲडम्स. 2024 चा 'द सिक्स ट्रिपल एट' सिनेमा त्यांच्यावरच आहे. त्यांनी सुमारे 70 लाख कार्डांची यादी ठेवली. एकट्या 'रॉबर्ट स्मिथ' नावाचे 7,500 सैनिक निघाले, म्हणून ओळख पटवायची ती सैनिकी क्रमांकावरून. प्रायमरी की नाव नसतं, हे त्यांना कुठल्याही डेटाबेसच्या पुस्तकाशिवाय कळलं होतं. तीन पाळ्या, दर पाळीला अंदाजे 65,000 नग. सहा महिने दिले होते, काम तीन महिन्यांत संपलं.

त्या ढिगात काही पत्रं अशांना लिहिलेली होती जे आता हयात नव्हते. ती न उघडता, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत जायची.

भेटू पुढच्या आठवड्यात. तुमच्या घरात फौजेतून आलेली जुनी पत्रं असतील तर त्यावरचा एपीओ नंबर मला कळवा, त्यावर एक एपिसोड करू.