घरचा कुत्रा, मस्ती आणि लपवलेले ओरखडे

आपल्या वस्त्यांमधून कुत्रा पाळणारी घरे आता बरीच दिसू लागली आहेत. पूर्वी गल्लीत एखादा कुत्रा असायचा, दहा घरची शिळी भाकरी खायचा आणि रात्री सगळ्यांचीच राखण करायचा. त्याला नाव असे, पण मालक नसे. आता मात्र दहा बाय पंधराच्या खोलीतही पिल्लू येते. कोणी पावसात भिजत पडलेले उचलून आणतो, कोणी कामावरच्या बंगल्यातून पामेरियन मागून आणतो. त्यास आमची हरकत नाही. मुक्या जिवाला आपल्या ताटातला घास देण्याची सवय लहानपणी लागली तर ती चांगलीच गोष्ट आहे. आमचे म्हणणे आहे ते पुढच्या गोष्टीबद्दल. कुत्रा घरात आला की मस्ती आली आणि मस्ती आली की मुलांच्या हातापायांवर रोज एक नवी रेघ उमटते.

ही मस्ती काय असते ते आपण सारे जाणतो. जुन्या पॅंटचा पाय एका बाजूने मुलाने धरायचा, दुसऱ्या बाजूने कुत्र्याने. खाटेवर कुस्ती, पकडापकडी, तोंडात हात घालून "चाव बघू, चाव" म्हणणे. यात मुलेच असतात असेही नाही. दुसरी पाळी करून आलेला बाप रात्री साडेबारा वाजता कुत्र्याला पाठीवर घेऊन नाचतो आणि शेजारी भिंतीवर बुक्की मारतात, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिलेले आहे. पुरुष माणसांची मस्ती जास्त आडदांड असते आणि पोरे तीच उचलतात, हे मात्र बापांनी ध्यानात घ्यावे.

पिल्लू चावते म्हणजे ते वाईट जातीचे, असा एक समज आहे. तो खरा नाही. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून पक्के ४२ दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चप्पल, खाटेचा पाय, माणसाचा हात, जे सापडेल ते चावत सुटते. दुसरे कारण आपणच निर्माण करतो. पिल्ले आपल्या भावंडांशी झोंबाझोंबी करताना किती जोराने चावावे हे शिकतात. एकाने जास्त दाबले की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून देते. आईही गुरकावते. असे होता होता दात लावायचे पण रुतवायचे नाहीत, ही अक्कल त्यांना येते. आपल्याकडे तीन-चार आठवड्यांचे, नुकते डोळे उघडलेले पिल्लू आईपासून तोडून आणले जाते. मग ती शाळा बुडते. निदान आठ आठवडे तरी पिल्लू आईजवळ राहू द्यावे. आई मेलेली असेल किंवा पिल्लू अनाथ सापडले असेल तर ही शिकवण आपल्याला द्यावी लागते. दात जोरात लागले की "आई गं" म्हणून खेळ तिथेच थांबवायचा, हात स्थिर ठेवायचा, उठून दूर जायचे. चापट मारली तर कुत्र्याला तो खेळाचाच भाग वाटतो किंवा ते घाबरून खरोखरच चावते. हाताऐवजी जाड दोरी किंवा गाठी मारलेले जुने फडके तोंडात द्यावे. हात हे खेळणे नाही, एवढे त्याला कळले की निम्मे ओरखडे थांबतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी कुत्र्याची भाषा मुलांना शिकवावी लागेल. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला म्हणजे तो "चल खेळू" म्हणतो आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूष, ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. अंग ताठ, शेपूट वर ताठ आणि नुसते टोक थरथरते आहे, अशा कुत्र्याच्या जवळ जाऊ नये. कान मागे पाडणे, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेने बघणे, डोळ्यांतले पांढरे दिसणे, उगाच जांभया देणे, ओठ चाटणे या सगळ्याचा अर्थ "आता पुरे" असा होतो. गुरगुरणे ही तर शेवटची नोटीस समजावी. गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. नोटीस देण्याबद्दल मार मिळाला तर पुढच्या वेळी तो नोटीस न देताच चावेल. जेवताना, झोपेत असताना आणि पिल्ले झालेली असताना कुत्र्याशी मस्ती नको. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका असा की त्यांचे तोंड नेमके कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येते. मोठ्यांना हातापायाला लागते, लहानग्यांना गालाला, ओठाला, डोळ्याजवळ लागते. पाच वर्षांखालचे मूल आणि कुत्रा यांना एकट्याने खोलीत ठेवू नये, मग तो कुत्रा कितीही गुणी असो.

दातांपेक्षा नखांचे ओरखडे जास्त. रस्त्यावर हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे झिजतात, घरात फरशीवर राहणाऱ्याची वाढतात. पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला वर एक नख असते, ते जमिनीला लागतच नाही, म्हणून झिजत नाही आणि वळून वाढते. अंगावर उडी मारताना पोटरीवर लांब रेघ उठते ती बहुधा त्याच नखाची. ती नखे जनावरांच्या दवाखान्यात कापून घ्यावीत. साखळी हाताला गुंडाळून कुत्रा फिरवू नये. समोर मांजर दिसले की बोटे मुरगळतात, गुडघे फुटतात. बोटाला किंवा तळहाताला दात रुतला तर वरून टाचणी टोचल्याएवढेच दिसते, पण आत खोलवर घाण जाते. दुसऱ्या दिवशी बोट सुजले, लाल झाले, ठणकू लागले तर घरगुती लेप लावत बसू नये. घरात मधुमेहाचे माणूस असेल तर त्याने सूज येण्याचीही वाट पाहू नये.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट सांगतो. आमच्या शेजारच्या चाळीत एका दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटावर खपली दिसली. आई न्हाऊ घालत होती म्हणून दिसली, नाहीतर शर्टाच्या बाहीखाली झाकलेलीच होती. विचारले तर म्हणाला, शाळेत भिंतीला घासले. दोन दिवस तो त्याच उत्तरावर ठाम होता. शेवटी आजीने जवळ घेऊन विचारले तेव्हा बाहेर आले की चार दिवसांपूर्वी पिल्लाने दात लावला, रक्तही आले होते. त्याने सांगितले का नाही? त्याला दोन भीती होत्या. एक, आई मारील. दुसरी, बाबा पिल्लाला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येतील. या दोन भीतींपायी ते पोर चार दिवस गप्प राहिले. त्याला लगेच सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शने सुरू केली, पिल्लूही ठणठणीत राहिले, सर्व ठीक झाले. परंतु आमच्या मनातून ती बाही काही जात नाही. आपापल्या घरी किती बाह्या अशा खाली ओढलेल्या असतील?

घरच्याच कुत्र्याचे एवढे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी हे सांगणे आहे. २०२५ च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्यात एका तरुण कबड्डीपटूचा रेबीजने मृत्यू झाला. त्याने नाल्यात पडलेले पिल्लू बाहेर काढले होते. तेव्हा ते बोटाला जरासे चावले. त्याने ते मनावर घेतले नाही, लस घेतली नाही. पुढे हात दुखू लागला तेव्हा खेळताना लागले असेल असेच वाटले, असे वृत्तपत्रांत आले होते. अंगात ताकद होती, वय ऐन उमेदीचे होते. रेबीजपुढे या दोन्हींचा उपयोग नसतो. साधारणतः चाव्यापासून एक ते तीन महिन्यांत, कधी त्याआधी तर कधी वर्षानेही, हा रोग डोके वर काढतो. पाण्याची भीती, वाऱ्याची झुळूकही सहन न होणे अशी लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. या रोगाने जगात मरणाऱ्यांत दर १० जणांमागे ४ जण पंधरा वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि लक्षणांच्या आधी लस नीट घेतली तर हाच रोग टळतो.

आपला कुत्रा घरचा खरा, पण रात्री तो कोठे जातो, कोणाशी भांडून येतो, हे आपल्याला कोठे ठाऊक असते? तीन महिन्यांखालच्या पिल्लाला तर बहुधा लसही दिलेली नसते. कुत्रा पिसाळलेला दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच त्याच्या लाळेत रोग असू शकतो. म्हणून तो लाळ गाळत नाही, पाणी पितो, तेव्हा बरा आहे, हा हिशेब चुकीचा ठरतो. धड कातडीवर चाटले तर भिण्याचे कारण नाही, धुतले की झाले. परंतु रक्त न येता खरचटले तरी लस घ्यावी लागते. रक्त आले, किंवा आधीच्या जखमेवर, खरजेवर, फुटलेल्या फोडावर, ओठाच्या किंवा डोळ्याच्या आत लाळ लागली, तर ते सर्वांत गंभीर प्रकारात मोडते. गुडघा फुटलेल्या पोराची जखम कुत्रा चाटतो आणि "त्याच्या जिभेत औषध असते" म्हणून आपण कौतुकाने बघतो. ते कौतुक बंद झाले पाहिजे.

पहिले औषध घरातच आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून १५ मिनिटे. नळाला पाणी नसेल तर पिंपातले तांब्याने ओतत राहावे, पण पाण्याची काटकसर या कामी करू नये. साबण कपड्यांचा असला तरी चालतो. त्यानंतर आयोडीनसारखे जंतुनाशक लावावे. मिरचीपूड, चुना, हळद-तेल, तंबाखू यांपैकी काहीही भरू नये. जखम घट्ट बांधू नये. मंत्र घालणारे, दोरा बांधणारे, झाडपाला पाजणारे अजूनही गावोगाव आहेत. चावणारा कुत्रा बहुतेक वेळा निरोगीच असतो, त्यामुळे त्यांचे रोगी आपोआप बरे राहतात आणि यांचे नाव होते. ज्याचा कुत्रा निरोगी नसतो, तो सांगायला परत येत नाही.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आपल्या वयाच्या माणसांच्या मनात अजून घर करून आहे. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. १९११ च्या सुमारास कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी ती काढली होती. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आता सुई दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. दंडाच्या स्नायूत द्यायची असेल तर पहिल्या दिवसाला शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. रक्त आलेले असेल तर पहिल्याच दिवशी जखमेत व तिच्या भोवती आणखी एक औषध टोचतात, ते इम्युनोग्लोब्युलिन. डॉक्टरांना त्याबद्दल आपण होऊन विचारावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारावे, मात्र ते घेतले म्हणजे रेबीजचे झाले असे समजू नये. हा घोटाळा फार होतो. चार-आठ दिवस उशीर झाला असला तरी जावे. उशीर झाला म्हणून लस निरुपयोगी ठरत नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर पुन्हा चावल्यावर फक्त ० आणि ३ या दिवशी अशा दोन फेऱ्या पुरतात. म्हणून जुने कागद फेकू नयेत.

आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. सरकारी व महापालिकेच्या दवाखान्यात ही लस मिळते, तिचा पैसा सहसा लागत नाही. खर्च होतो तो खाड्याचा. चार-पाच फेऱ्या, प्रत्येक फेरीला मुलाबरोबर एक मोठे माणूस, रांग, बसभाडे. धुणीभांडी करणारी बाई किंवा नाक्यावरचा मजूर तिसऱ्या फेरीनंतर म्हणतो, आता जखम भरली, कशाला खाडा करायचा? आणि कोर्स अर्धवट राहतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांनी फेऱ्या वाटून घ्याव्यात. महिला मंडळाने एका वहीत तारखा लिहून ठेवल्या तरी मोठे काम होईल. याउलट कुत्र्याला लस टोचायला वर्षातून एकच फेरी लागते. तीन महिन्यांचा झाला की पहिली, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो आणि त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरण होते. कुत्र्याला लस दिलेली असली तरी चावल्यावर डॉक्टरांकडे जायचेच आहे, परंतु मग छातीतली धडधड पुष्कळ कमी असते.

कुत्रा चावला की त्याला मारू नका, हाकलून देऊ नका, सोडूनही येऊ नका. त्याला १० दिवस बांधून, खायला-प्यायला घालून नजरेखाली ठेवायचे असते. इंजेक्शने त्याच दिवशी सुरू करायची आणि कुत्र्याकडे पाहत राहायचे. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असला तर चावला त्या वेळी त्याच्या लाळेत रोग नव्हता, असे डॉक्टर मानतात आणि पुढच्या सुया कमी करायच्या का ते तेच ठरवतात. खाडीपलीकडे सोडलेल्या कुत्र्याकडे कोण बघणार? हे मुलांनाही आजच सांगून ठेवावे, की दात लागला तर मार मिळणार नाही आणि मोत्यालाही कोणी सोडून येणार नाही, उलट त्याला दहा दिवस घरीच ठेवायचे आहे. रविवारी पोरांना आंघोळ घालताना हातपाय एकदा नीट बघून घ्यावेत. आणि कुत्र्याच्या लसीचे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे, म्हणजे घाईच्या वेळी सापडेल.