खाटेला दर, बोलण्याला नाही

धाड गावाहून बुलढाण्याला समुपदेशनासाठी माणूस न्यायचा म्हणजे सकाळची एसटी, दोघांची तिकिटं आणि सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज. डॉक्टर सांगतात, आठवड्यातून एकदा, असं दीड-दोन महिने या. दुसऱ्या खेपेलाच घरात हिशेब सुरू होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत तिसरी खेप होतच नाही. सरकारी आरोग्य विम्याने या खेपांसाठी आजवर काय केलं, हे शोधायला बसलं की तेच ते उत्तर हाती येतं. विमा खाटेचे पैसे देतो, बोलण्याचे देत नाही.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली. विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली त्यात होते. बुलढाण्याला नोव्हेंबर 2013 पर्यंत थांबावं लागलं. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, 971 उपचार होते, 30 शाखा होत्या. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजलेले रुग्ण, सगळ्यांचे दर ठरलेले. मानसोपचाराची शाखा मात्र नव्हती. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत बुलढाण्याचं नाव वर्षानुवर्षं येत असताना ती यादी तयार झाली. ही साधी नजरचूक होती, असं मला म्हणवत नाही.

2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला आणि त्यात बुलढाणा होता. आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघर जाऊ लागल्या. झोप लागते का, जेवण जातं का, जगणं नकोसं वाटतं का, हे उंबऱ्यावर बसून कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. काम मोलाचं होतं, पण ते विम्याबाहेरचं. निधी वेगळा, माणसं कंत्राटी किंवा मानधनावरची. समुपदेशकाची जागा रिकामी पडली, तर ती सेवा दुसरीकडून घ्यावी आणि विम्याने पैसे द्यावेत, अशी वाट रुग्णाला नव्हती.

मग कायदा बदलला. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. शरीराच्या आजाराला विमा मिळतो त्याच धर्तीवर मनाच्या आजारालाही मिळाला पाहिजे, असं त्याचं कलम 21 सांगतं. त्याच वर्षी 23 सप्टेंबरला आयुष्मान भारत योजना सुरू झाली आणि तिच्या यादीत मानसिक विकार आले. आनंद झाला, पण तो अर्धाच टिकला. दर होता तो भरती राहण्याच्या दिवसाला. विजेच्या झटक्याच्या उपचाराला सत्रामागे दर होता, समोर बसून केलेल्या वर्तनोपचाराला नव्हता. बाह्यरुग्ण सेवा योजनेच्या बाहेरच राहिली. उदासीने पोखरलेला माणूस पहाटे उठून धार काढतो, शेतात जातो. त्याला खाट नको असते. आठवड्याला पाऊण तास ऐकणारं, पुढचं छोटं काम ठरवून देणारं माणूस हवं असतं.

त्यानंतर दरांचा आढावा पुन्हा पुन्हा झाला. 2019, 2021, 2022. एप्रिल 2022 च्या यादीत 1,949 उपचार होते आणि शहराच्या प्रकारानुसार वेगवेगळे दर पहिल्यांदा आले. खर्चाचा अभ्यासही नीट झाला. पण अभ्यास रुग्णालयात होणाऱ्या उपचारांचा होता. भिंतीबाहेरची सेवा त्यात आली नाही, म्हणून तिला किंमतही मिळाली नाही. राज्यात 1 जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं (राजीव गांधी योजनेचंच हे नवं नाव) 5 लाखांचं संरक्षण सर्वच कुटुंबांना लागू झालं. रेशनकार्डाचा रंग विचारणं थांबलं, हे फार चांगलं झालं. धाडची एसटीची खेप मात्र होती तिथेच राहिली.

एक अपवाद सांगायलाच हवा. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना 2008 पासून स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण देते. त्यात बाह्यरुग्ण तपासणी आहे, सतत चालणारी थेरपीही आहे. म्हणजे सरकारला हे जमतं.

बोलणं मोजायचं कसं, हा आक्षेप नेहमी येतो. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्यावर वर्तनोपचाराची 6 ते 8 सत्रं दिली. रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. सत्रं मोजली गेली, तपासलीही गेली. अमेरिकेत मेडिकेड ही सरकारी योजना स्वमग्न मुलांच्या वर्तनोपचाराचे पैसे 15-15 मिनिटांच्या हिशेबाने देते. नेब्रास्का राज्याने 2025 मध्ये ते दर कापले आणि पालक हवालदिल झाले. तिथे दर किती असावा यावर भांडण आहे. आपल्याकडे दरच नाही.

राज्याच्या पुढच्या दरपत्रकात वर्तनोपचाराच्या सत्राला स्वतंत्र ओळ आणि स्वतंत्र दर द्यावा, तो प्राथमिक आरोग्य केंद्रातही लागू करावा आणि येण्याजाण्याचं भाडं त्यात धरावं. एवढंच मागणं आहे. ते होईपर्यंत घरातल्या माणसाला थांबवून ठेवू नका. टेली मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोनला पैसे लागत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.