पिवळ्या धुळीचा कारखाना

गणपतीला वाहायची एकेरी जास्वंद कधी निरखून पाहिली आहे? पाकळ्यांच्या मधून जी लांब दांडी बाहेर येते, तिच्यावर पिवळे ठिपके असतात आणि अगदी टोकाला पाच मखमली गोंडे. गोंडे हे फुलाचे स्त्री-अंग. पिवळे ठिपके म्हणजे परागकोश, पुरुष-अंग. पांढऱ्या सदऱ्याला लागली की निघता निघत नाही ती धूळ त्यांचीच. कपाशी ही जास्वंदीची सख्खी नातलग. तिच्या फुलाची ठेवणही अशीच. हे मला पुस्तकाने नव्हे, बँकेच्या नोकरीने शिकवले.

सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली ‘एच-४’ हे कपाशीचे संकरित वाण दिले. व्यापारी लागवडीसाठी आलेली जगातली ही पहिली संकरित कपाशी. पुढे मराठवाड्यात बियाण्यांचे प्लॉट उभे राहिले आणि त्यांच्या कर्जाची प्रकरणे आमच्या टेबलावर येऊ लागली. पाहणीला गेलो की बांधावर उभा राहून मी काम बघत असे. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि परागकोशांची नळी सोलून काढायची, आतल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे फूल आणून त्याचे पराग त्या दांडीच्या टोकावर फिरवायचे. अशा हजारो कळ्या, आणि हंगामभर रोज. खर्चाच्या तक्त्यात सर्वांत मोठा आकडा मजुरीचाच असे. त्या ओळींत परकर-पोलक्यातल्या मुलीही असत. लहान बोटे नाजूक काम नीट करतात, असे प्लॉटवाले सांगत. लहान बोटांना मजुरीही कमी द्यावी लागते, हे ते सांगत नसत.

एवढा खटाटोप परवडतो, कारण कपाशीच्या एका बोंडातून पंचवीस-तीस सरक्या मिळतात. मोहरीच्या इवल्याशा फुलात सहा पुंकेसर. ते चिमट्याने काढत बसले तर हाती लागणार एका शेंगेतली मूठभरही नव्हे अशी मोहरी. ज्वारीच्या कणसात तर फुले हजारोंनी. जिथे माणसाचे बोट पोहोचत नाही, तिथे परागकोश निकामी कसा करायचा? या रोकड्या प्रश्नामुळे शास्त्रज्ञ परागकोशाच्या आत शिरले.

आत एक कारखाना आहे. परागकणांच्या भोवती पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला टॅपेटम म्हणतात. आपण त्याला दाई-थर म्हणू. तो कोवळ्या परागकणांना अन्न पुरवतो, त्यांना एकमेकांपासून सुटे करणारा रस तयार करतो, त्यांच्या चिवट कवचासाठी सामग्री देतो. काम झाले की या पेशी ठरल्या वेळी स्वतःच विरघळून जातात. दाई लवकर गेली तर बाळ उपाशी मरते आणि उशिरा गेली तरी घात होतो. सारा खेळ वेळेचा.

ही वेळ कोण पाळते? जनुके. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. बँकेत प्रत्येक टेबलावर नियमांचे तेच जाडजूड पुस्तक असते, पण कॅशियर आपले प्रकरण उघडतो आणि कर्जविभाग आपले, तसेच हे. जागे झालेले जनुक आरएनएच्या रूपाने निरोप धाडते. कॅलिफोर्नियात रॉबर्ट गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या परागकोशांतले हे निरोप गोळा करून पान, मूळ वगैरे अवयवांतल्या निरोपांशी ताडून पाहिले. परागकोशात सुमारे २५ हजार जनुके जागी असावीत आणि त्यांतली दहाएक हजार केवळ तिथेच, असा त्यांचा त्या काळचा अंदाज होता. पिवळ्या ठिपक्याएवढ्या जागेत एवढा कारभार!

त्यांतले टीए-२९ हे जनुक फक्त दाई-थरात जागे होते. बेल्जियममधील संशोधकांनी गोल्डबर्ग यांच्यासह १९९० मध्ये एक अफलातून गोष्ट केली. या जनुकाची कळ तेवढी घेतली आणि ती मातीतल्या एका जिवाणूच्या ‘बार्नेझ’ या जनुकाला जोडली. बार्नेझचे काम आरएनए कुरतडून टाकणे. ते फक्त दाई-थरात चालू झाले, थर मेला, पराग तयारच झाले नाहीत. बाकी झाड ठणठणीत. १९९२ मध्ये त्याच जिवाणूतला उताराही वापरला गेला. त्याचे नाव ‘बारस्टार’. एका पालकात विष, दुसऱ्यात उतारा. संकरित पिकात पराग पूर्ववत.

निसर्गाने ही युक्ती आधीच योजली होती. १९६४ साली आलेली आपली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, नैसर्गिक नरवंध्यत्वावरच उभी होती. (‘हायब्रीड’च्या भाकरीला चव नाही ही तक्रार आमच्या घरीही होती, पण दुष्काळात ती भाकरी कितीजणांच्या ताटात पडली, हेही आठवावे.) अमेरिकेतल्या मक्याची गोष्ट मात्र धडकी भरवणारी आहे. तिथला बहुतेक संकरित मका ‘टेक्सास’ नावाच्या एकाच नरवंध्य वाणावर बेतलेला. १९७० मध्ये करपा आला आणि देशातले सुमारे १५ टक्के पीक गेले. पुढे कळले की पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या ज्या जनुकामुळे पराग निकामी होत होते, त्याच्याच प्रथिनामुळे मका करप्याच्या विषाला बळी पडत होता. सगळी ठेव एकाच खात्यात ठेवू नका, हे आम्ही ग्राहकांना सांगत असू.

भारतात बार्नेझ-बारस्टार जोडी आली ती मोहरीत. दिल्ली विद्यापीठात डॉ. दीपक पेंटल यांच्या गटाने ‘वरुणा’ आणि ‘अर्ली हीरा-२’ यांच्यापासून डीएमएच-११ तयार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या मंजुरीबाबत परस्परविरोधी निकाल दिले. या वादात एक गल्लत सतत होते. दाई-थर मारण्याची युक्ती वेगळी आणि तिच्यासोबत आलेले तणनाशक सहन करणारे जनुक वेगळे. बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी-वाणाची निम्मी रोपे परागक्षम निघतात; ती फवारून मारता यावीत म्हणून ते जनुक घातलेले आहे. पण ते शेतकऱ्याच्या रानापर्यंत येते, आणि तिथे फवारणीची सवय लागली तर निंदणीला जाणाऱ्या बायांच्या रोजगाराचे काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर परागकोशाच्या अभ्यासात नाही. ते मागायचे कृषिखात्याकडे.

कपाशीतही नरवंध्य वाण शास्त्रज्ञांकडे आहेत. बियाण्याच्या प्लॉटवर मात्र अजून बऱ्याच अंशी अंगठ्याच्या नखाचीच सत्ता चालते.