मांजर आणि आपलें ताट

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



रावेरच्या आमच्या जुन्या घरांत माजघराच्या कोपऱ्यांत ज्वारीची कणगी असे, आणि कणगीपाशीं एखादें मांजर हटकून असे. दुपारीं पानें वाढलीं कीं तें आईच्या पाटाजवळ येऊन बसे. आई दुधांत कुस्करलेल्या भाकरीचा घास परळांत घालून त्याच्यापुढें ठेवी. त्या घासावर तें मांजर दहा-बारा वर्षें धडधाकट जगलें, असेंच मी आयुष्यभर समजत आलों. साठी उलटल्यावर माझी ही समजूत एका मांजराच्या जिवावर बेतली. म्हणून आपल्या पानांतलें अन्न मांजरास घालावें कीं नाहीं, या साध्या घरगुती प्रश्नाविषयीं मी आज आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

गेल्या पावसाळ्यांत मी मुलाकडे पुण्यास राहावयास गेलों होतों. तिसऱ्या मजल्यावरचें बंद बिऱ्हाड. नातीनें पाळलेली मनी म्हणजे त्या घरांतलें धाकटें अपत्यच. सकाळीं न्याहरीस कांदा घातलेली अंड्याची पोळी होई. मनी माझ्या पायांशीं घोटाळे, आणि मी बशींतला तुकडा तिला देईं. नात म्हणे, "आजोबा, तिचं खाणं वेगळं आहे हो." मी हंसून उत्तर देईं, "अग, आमच्या रावेरचीं मांजरं भाकरी खाऊन वाघ झालीं!" हा लाड पांचसहा दिवस चालला. मग मनी खाईना, कोपरा सोडीना; तिच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या आणि लघवीस काळपट तांबूस रंग आला. पशुवैद्यांनीं रक्त तपासलें, आणि पहिला प्रश्न विचारला तो कांद्याचा. मनी वांचली, पण तिला उभारी येण्यास तीन आठवडे लागले. तेवढ्या अवधींत नात मला एक शब्दही उणा बोलली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळें रक्ताच्या तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन बिघडतें आणि त्या पेशी फुटूं लागतात. माणसाच्या मानानें मांजराचें रक्त या माऱ्यापुढें फारच दुबळें आहे. वजनाच्या दर किलोमागें ५ ग्रॅम कांदाही त्यास बाधूं शकतो. म्हणजे ४ किलोच्या मांजरास अवघा २० ग्रॅम, लहानशा कांद्याचा तिसरा हिस्सा! शिजवून, तळून किंवा वाळवून हा दोष जात नाहीं. लक्षणें कित्येकदां कांहीं दिवसांनीं दिसतात, त्यामुळें खऱ्या कारणाचा संशयही येत नाहीं. आमच्या खानदेशांतलें भरीत घ्या, शेवभाजीचा रस्सा घ्या. कांदा-लसणावांचून आमचें पान पुरें होत नाहीं. तेव्हां रश्श्यांत बुडविलेला घास मांजरास कधींच घालूं नये.

मग आईच्या मांजराचें काय? उत्तर सोपें आहे: तें भाकरीवर जगलेंच नव्हतें. त्याचें खरें जेवण रात्रीं कणगीमागें होई. मांजर मनुष्याजवळ आलें तें त्याच्या अन्नासाठीं नव्हे, तर त्या अन्नावर येणाऱ्या उंदरांसाठीं. सुमारें ९,५०० वर्षांपूर्वीं मनुष्याशेजारीं पुरलेलें मांजर सायप्रस बेटावर सांपडल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. इतका जुना शेजार असूनही त्याचें पोट शिकाऱ्याचेंच राहिलें आहे.

उंदराच्या मांसांत टॉरिन नांवाचें एक द्रव्य असतें. आपलें शरीर तें स्वतः तयार करतें. मांजराचें शरीर पुरेसें करूं शकत नाहीं. तें न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून अंधत्व येतें, असें १९७५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. हृदयाचे स्नायूही त्याच्या अभावीं दुबळे होतात, हें १९८७ सालीं उघडकीस आलें. भात, भाकरी, वरण यांत टॉरिन जवळजवळ नाहींच; गाई-म्हशींच्या दुधांत तें नांवापुरतें असतें. बंद दाराआड राहणाऱ्या मांजरास ना कणगी, ना उंदीर. पूर्वीं जो घास केवळ तोंडीं लावण्यापुरता होता, तोच आतां त्याचें संपूर्ण जेवण झाला, तर तें भरल्या पोटीं उपाशी राहतें.

दुधाविषयींही आपला गैरसमज आहे. आईचें दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांस दुधांतील साखर नीट पचत नाहीं आणि त्यांना हगवण लागते. गोडाची तर त्यांना चवच कळत नाहीं. ती ओळखणारा जनुक मांजरांत निकामी झालेला आहे, हें २००५ सालीं सिद्ध झालें. आमच्या रावेरचें केळें मांजरास विष नव्हे, पण त्याला त्याचें कौतुकही नाहीं! चॉकलेट, द्राक्षें, मनुका, चहा, कॉफी व मद्य मात्र कटाक्षानें दूर ठेवावीं.

मग द्यावें तरी काय? मीठ-मसाला न घातलेलें उकडलेलें अंडें, किंवा हाड-काटा काढलेला उकडलेल्या कोंबडीचा वा मासळीचा तुकडा, तोही अधूनमधून. घरांत राहणाऱ्या ४ किलोच्या मांजरास दिवसाला सुमारें २०० ते २५० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी त्यांतला निम्मा वांटा सहज व्यापते. असा खाऊ एकंदर आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊं देऊं नये.

शाकाहारी कुटुंबांची अडचण मी जाणतों. आमच्याही घरीं मांस शिजत नाहीं. परंतु आपलें व्रत आपण घेतलेलें असतें, मांजरानें तें घेतलेलें नसतें. 'संपूर्ण आहार' असा स्पष्ट उल्लेख असलेलें, टॉरिनयुक्त तयार खाद्य आणल्यास आपल्या चुलीस कांहीं लावावें लागत नाहीं. ज्यांना तेंही रुचत नसेल, त्यांनीं मांजराऐवजीं ससा पाळावा. उगाच एका मुक्या जिवास दूध-भातावर झिजवूं नये.

आणि चुकून मांजरानें कांदा-लसूण खाल्लाच, तर लक्षणांची वाट न पाहतां पशुवैद्यांकडे जावें, आणि काय व किती खाल्लें तें न लपवितां सांगावें. मीं तें सांगितलें म्हणूनच मनीच्या दुखण्याचें मूळ लौकर सांपडलें.

अलीकडे पुन्हां पुण्यास जाऊन आलों. मनी न्याहरीच्या वेळीं पूर्वीसारखीच पायांशीं आली. मीं बशी बाजूस सारली, हात धुतले आणि तिच्या मानेवरून हात फिरविला. तेवढ्यानेंही ती डोळे मिटून स्वस्थ बसली. मला वाटतें, तिचें मागणें बहुधा एवढेंच होतें.