काळोखातली ड्यूटी

झुरिकमधलं 'ब्लिंडेकू' १९९९ मध्ये एका जुन्या प्रार्थनामंदिराच्या इमारतीत सुरू झालं. अंध कर्मचारी मिट्ट काळोखात जेवण वाढतात, असं हे जगातलं पहिलं कायमस्वरूपी रेस्टॉरंट मानलं जातं. तिथल्या एखाद्या वेट्रेसची संध्याकाळ साधारण अशी जाते.

दुपारी ४:३० : साफसफाई दिवे लावून होते. नंतर ती प्रत्येक टेबलावरून हात फिरवते. काटे, सुऱ्या, ग्लास ठरल्या जागी हवेत. एक खुर्ची जरी बाहेर राहिली, तरी रात्री कोणीतरी गरम बशीसकट अडखळेल.

५:३० : स्वयंपाकघरात लख्ख उजेड, आचारी डोळस. आजच्या पदार्थांत काय काय आहे, कशात सुकामेवा आहे, हे ती पाठ करून घेते.

६:३० : पाहुणे उजेडातच ऑर्डर देतात. मोबाइल, चमकणारी घड्याळं लॉकरमध्ये जातात. मग पहिल्याचा हात तिच्या खांद्यावर, दुसऱ्याचा पहिल्याच्या. जाड पडदे ओलांडून ती रांग आत नेते आणि एकेकाचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवते.

७:३० : दालन भरलेलं. काळोखात माणसं उगाच मोठ्याने बोलतात. त्या गलक्यातून तिला सहकाऱ्याची चाहूल घ्यायची असते. 'मी येतेय' असं म्हटल्याशिवाय कोणी वळत नाही. बशी ठेवताना ती घड्याळाच्या काट्यांवरून सांगते : मासा बारावर, बटाटे सहावर.

९:०० : कोणी घाबरतं. समजूत घालत बसण्याऐवजी ती त्याला सरळ बाहेर उजेडात नेते. स्वच्छतागृहालाही तीच पोचवते.

१०:३० : बिल देताना पाहुणे हमखास तिच्या डोळ्यांविषयी विचारतात. ती शांतपणे सांगते. पण इतक्या टेबलांच्या ऑर्डरी कागदाशिवाय ध्यानात कशा राहतात, हेही कोणी विचारावं. तिचा पगार त्याच कसबाचा आहे.

११:३० : दालनात पुन्हा दिवे लागतात. पांढरी काठी घेऊन ती ट्रामकडे निघते. पॅरिसला, आपल्याकडे हैदराबादलाही अशी जेवणघरं निघाली. ती हवीतच. पण पक्की स्मरणशक्ती, काटेकोर मांडणी आणि घाबरलेल्या माणसाला धीर देणारा आवाज कुठल्याही हॉटेलाला, कुठल्याही कचेरीला लागतोच. अंध माणसाला नोकरी देण्यासाठी दिवे मालवायची गरज पडू नये.